आमचूर वाळवणारे ऊन कुणी मोजले? ढगांचा हिशेब लावायला शिकवणाऱ्या ॲना मणी

ढग पृथ्वीला थंड करतात की तापवतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी जमिनीवर पोहोचणारे ऊन अचूक मोजावे लागते. स्वतंत्र भारतात हे मोजमाप उभे केले पुण्याच्या एका कार्यशाळेतून, एका महिला शास्त्रज्ञाने. वाचा सविस्तर.

एप्रिल-मे महिन्यात धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर गेलात, तर अंगणात, घराच्या छपरावर, शेताच्या बांधावर पांढऱ्या फोडी पसरलेल्या दिसतील. झाडावरून उतरवलेल्या कैऱ्यांची साल काढायची, फोडी करायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. हेच धडगावचे आमचूर. सातपुड्यातल्या अनेक आदिवासी कुटुंबांसाठी पावसाळ्याआधी हातात येणारा हा हक्काचा पैसा असतो.

या व्यवसायात भाव ठरतो तो रंगावर. फोड पांढरी राहिली तर चांगला दर, काळी पडली तर निम्म्या-पाऊण भावाची घासाघीस. आणि फोड काळी पडते ती ढगाळ हवेमुळे. ऊन कमी पडले की फोडीतले पाणी लवकर उडत नाही, ती दमट राहते, काळवंडते, कधी बुरशीही धरते. वर बेमोसमी पावसाचा शिडकावा झाला, तर अख्खा घाणा वाया. नंदुरबारच्या मिरची पथारींवर हीच भीती हिवाळ्यात असते.

म्हणजे इथल्या माणसाला ढग आणि ऊन यांचा संबंध कुणी शिकवायची गरज नाही. पण एक प्रश्न उरतो. ढग आला की ऊन नेमके किती कमी होते? अर्धे? पाव? की वरवर कमी वाटते, पण फारसा फरक पडत नाही? हा प्रश्न एका अंगणापुरता न ठेवता साऱ्या पृथ्वीला लावला, तर तो हवामान बदलाच्या विज्ञानातला सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक होतो. भारतात त्याचे उत्तर आकड्यांत देण्याची सोय ज्यांनी केली, त्यांचे नाव ॲना मणी.

वेलदोड्याच्या मळ्यातली मुलगी

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेड येथे झाला. आज हा भाग केरळात आहे. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत ॲना सातव्या. घर सुखवस्तू, पण मुलगे आणि मुली यांच्यासाठी वाटा वेगळ्या. मुलांनी शिकून मोठ्या पदावर जायचे, मुलींनी लग्नाची तयारी करायची, असा रिवाज.

ॲना यांना पुस्तकांचे वेड होते. बारा वर्षांच्या होईपर्यंत गावच्या वाचनालयातली बहुतेक पुस्तके त्यांनी वाचून संपवली होती. घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या देण्याची पद्धत होती. ॲना यांनी त्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. घरच्यांनी ते दिलेही.

१९२५ मध्ये महात्मा गांधी वैकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने त्रावणकोरात आले. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून दलितांना चालू द्यावे, यासाठी तो लढा होता. लहानग्या ॲना यांच्यावर त्या वातावरणाचा खोल ठसा उमटला. पुढे त्यांनी खादी वापरायला सुरुवात केली आणि ती कायम ठेवली. बहिणींची लग्ने लवकर झाली. ॲना यांनी मात्र शिकत राहायचे ठरवले. त्यांनी पुढे लग्न केले नाही.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात बीएस्सी ऑनर्स पदवी घेतली. पुढच्याच वर्षी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. मार्गदर्शक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन.

हिऱ्यांचा प्रकाश आणि न मिळालेली पीएचडी

रामन यांच्या प्रयोगशाळेत मुलींना सहज प्रवेश नव्हता, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. १९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना याच संस्थेत प्रवेशासाठी झगडावे लागले होते. ॲना मणी तिथे पोहोचल्या तेव्हा दार थोडे किलकिले झाले होते, इतकेच. मुलग्यांशी कामाबद्दलही मोकळेपणाने बोलणे तिथे चालत नसे.

ॲना यांना विषय मिळाला हिरे आणि माणके यांचा. हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो स्वतःही मंद प्रकाश बाहेर टाकतो. हा प्रकाश कोणत्या रंगाचा, किती तीव्र आणि तापमान बदलले की त्यात काय फरक पडतो, याची नोंद त्या घेत होत्या. प्रकाश इतका मंद की फोटोग्राफिक प्लेटवर त्याची खूण उमटायला पंधरा ते वीस तास लागत. त्यामुळे अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. तीसहून अधिक हिरे त्यांनी असे तपासले.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पाचही त्यांच्या एकटीच्या नावावर. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर त्यांच्याकडे एमएस्सी नव्हती. ऑनर्सच्या पदवीवर संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, पाच वर्षांचे काम समोर होते, पण नियम म्हणजे नियम.

तो प्रबंध आजही बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत इतर प्रबंधांच्या रांगेत ठेवलेला आहे. ॲना मणी यांनी याबद्दल कधी मोठी तक्रार केली नाही. नावामागे डॉक्टर लागले नाही म्हणून आपल्या कामात काही उणे पडले, असे त्या मानत नसत.

भौतिकशास्त्राची वाट हवामानाकडे वळली

१९४५ मध्येच सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गेल्या. त्यांना शिकायचे होते भौतिकशास्त्र. पण त्या वेळी शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामान मोजणाऱ्या उपकरणांच्या प्रशिक्षणासाठी. हवामानशास्त्र हा त्यांचा निवडलेला विषय नव्हता, समोर आलेला विषय होता.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. नेमणूक होती पुण्यात.

पुणेकरांना शिवाजीनगरचे सिमला ऑफिस माहीत असते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून इमारतीला हे नाव पडले. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण उपकरणांचा विभाग पुण्यात राहिला. तिथले प्रमुख होते एस. पी. वेंकटेश्वरन. हवामान मोजायची साधीसुधी उपकरणेसुद्धा तोवर परदेशातून यायची. ती इथेच बनवायची, असा ध्यास वेंकटेश्वरन यांनी घेतला होता. ॲना मणी या कामात त्यांच्या सोबतीला आल्या.

हे काम ऐकायला सोपे वाटते. पर्जन्यमापक म्हणजे काय, एक डबा आणि नळा. पण देशभरात शेकडो ठिकाणी ठेवलेल्या डब्यांच्या तोंडाचा व्यास अगदी सारखा नसेल, तर एका गावचा पाऊस दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येत नाही. वारा मोजणाऱ्या यंत्राची बेअरिंग जरा जड फिरली, तर मंद वारा नोंदलाच जात नाही. म्हणून प्रत्येक भागाचे माप, धातू, जोडणी कागदावर निश्चित करावी लागते. ॲना मणी यांनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे असे प्रमाणित केले आणि त्यांचे उत्पादन सुरू करून दिले.

१९५३ मध्ये त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. त्या काळात सरकारी कार्यशाळेत, लेथ मशीन आणि भट्ट्यांच्या गराड्यात, एक खादीधारी महिला साहेब ही गोष्ट नवलाची होती. चुकीची नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, हे त्यांचे सूत्र होते. नोंद नसेल तर निदान आपल्याला माहीत नाही, हे तरी कळते. चुकीची नोंद मात्र खात्रीने फसवते.

ऊन मोजायचे कसे?

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. या निमित्ताने भारतात सौर विकिरण, म्हणजे सोप्या भाषेत ऊन, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्याची जबाबदारी ॲना मणी यांच्यावर आली. सुरुवातीला यंत्रे बाहेरून आणली गेली, पण लवकरच त्यांनी ती पुण्यात बनवायला सुरुवात केली.

यातली मुख्य उपकरणे समजून घेऊ.

पहिले जुने आणि देखणे. काचेचा भरीव गोळा आणि त्यामागे जाड कागदाची पट्टी. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तसेच हे. ऊन असेल तेव्हा पट्टीवर जळल्याची रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की दिवसभरात किती तास ऊन होते ते कळते. पण ते ऊन किती तीव्र होते, हे यातून कळत नाही.

दुसरे पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते. ऊन पडले की चकती तापते, त्यातून अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो आणि तो मोजला जातो. साऱ्या आकाशातून येणारा सगळा प्रकाश यात मोजला जातो.

तिसरे पायरहेलिओमीटर. ही सूर्यावर रोखलेली नळी असते. यात फक्त थेट सूर्याकडून येणारे किरण मोजले जातात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उपकरणाच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की ढगांचे काम उघडे पडते. निरभ्र आकाशात उन्हाळ्यातल्या दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट ऊर्जा येऊ शकते. त्यातला बहुतेक भाग थेट किरणांचा असतो. दाट ढग आला की थेट किरण जवळपास शून्यावर येतात आणि एकूण आकडा शे-दोनशेपर्यंत खाली घसरू शकतो. पातळ, विरळ ढग असेल तर मात्र थेट ऊन कमी होऊनही विखुरलेला प्रकाश बराच येत राहतो. धडगावच्या अंगणात ज्याला नुसते मळभ म्हणतात आणि ज्याला काळा ढग म्हणतात, त्यातला फरक इथे आकड्यांत दिसतो.

ही उपकरणे वेळोवेळी प्रमाण उपकरणाशी ताडून घ्यावी लागतात. घुमटावर धूळ बसली, चकतीचा रंग उडाला, तर यंत्र हळूहळू कमी ऊन दाखवू लागते. मग कुणी म्हणेल, बघा, सूर्यप्रकाश कमी होतोय. ॲना मणी यांचा सगळा आग्रह यासाठीच होता. जागतिक हवामान संघटनेच्या आशियातील प्रादेशिक विकिरण केंद्रांत आज टोकियोबरोबर पुण्याचे नाव आहे, त्यामागे ही शिस्त आहे.

ढग थंड करतात की गरम?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणत्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांनी झाकलेला असतो. हे ढग एकाच वेळी दोन विरुद्ध कामे करतात.

पहिले काम छत्रीचे. सूर्याकडून पृथ्वीला सरासरी दर चौरस मीटरला ३४० वॅट ऊर्जा मिळते. त्यातले ४५ ते ५० वॅट ढग परत अवकाशात परावर्तित करतात. यामुळे पृथ्वी थंड राहते.

दुसरे काम गोधडीचे. तापलेली जमीन रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकत असते. ढग ती अडवतात आणि काही भाग खाली परत पाठवतात. याची अडवणूक सुमारे २५ ते ३० वॅट. हे काम सातपुड्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. कडाक्याच्या थंडीत तोरणमाळ आणि डाब परिसरात पहाटे गवतावरचे दव गोठते, ते आकाश निरभ्र असलेल्या रात्री. रात्रभर ढग राहिले तर तेवढा गारठा पडत नाही.

दोन्हींची वजाबाकी केली की साधारण २० वॅट उरतात, छत्रीच्या बाजूने. म्हणजे आज तरी ढग एकूण हिशेबात पृथ्वीला थंड ठेवतात. हा आकडा किती मोठा आहे? हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर त्याचा तापवणारा परिणाम चार वॅटच्या आतबाहेर असतो. म्हणजे ढगांच्या वागण्यात थोडा जरी बदल झाला, तरी तापमानवाढीचा सगळा अंदाज वरखाली होऊ शकतो.

सगळे ढग सारखे नसतात, ही यातली खरी गुंतागुंत. समुद्रावर खाली पसरलेले जाड ढग छत्रीचे काम जास्त करतात. खूप उंचावरचे पातळ, पिसांसारखे ढग ऊन आत येऊ देतात, पण उष्णता अडवतात. ते गोधडीच्या जातीचे.

पुण्याहून थुंबा, थुंब्याहून दिल्ली

ऊन मोजता मोजता ॲना मणी वातावरणाच्या वरच्या थरांकडे वळल्या. १९६० च्या सुमारास त्यांनी ओझोनचा अभ्यास हाती घेतला. ओझोनचा थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. फुग्याला बांधून वर सोडता येईल असे ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे उपकरण, म्हणजे ओझोनसाँड, त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. ओझोनच्या थराला भगदाड पडल्याची बातमी जगाला १९८५ मध्ये कळली. भारताने त्याआधी दोन दशके या नोंदी घ्यायला सुरुवात केली होती.

१९६३ मध्ये विक्रम साराभाई यांनी केरळातल्या थुंबा येथे रॉकेट प्रक्षेपण केंद्र उभारले. रॉकेट सोडायचे तर जमिनीलगतचा आणि वरचा वारा अचूक माहीत हवा. साराभाई यांच्या विनंतीवरून तिथली हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभा करण्याचे काम ॲना मणी यांनी केले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिले रॉकेट झेपावले.

१९६९ मध्ये त्यांची बदली दिल्लीला झाली. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांनी इजिप्तमध्ये काम केले. १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरचे सर्वांत मोठे काम

एवढ्या कामानंतर कुणीही विसावले असते. ॲना मणी बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत अतिथी प्राध्यापक म्हणून गेल्या आणि तिथे वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी घेऊन बसल्या.

यातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन जाडजूड ग्रंथ आले. भारतात कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात, किती ऊन पडते याची कोष्टके त्यांत होती. पायरॅनोमीटर मोजक्याच ठिकाणी होते, मग बाकीच्या गावांचे काय? तिथे दुसरी एक नोंद मदतीला आली. हवामान केंद्रातला निरीक्षक रोज मान वर करून पाहतो, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी भरले ते लिहितो. जिथे ऊन आणि ढग दोन्ही मोजले गेले होते, तिथले नाते काढायचे आणि जिथे फक्त ढगांची किंवा उन्हाच्या तासांची नोंद आहे, तिथे ते लावून ऊन किती पडत असेल याचा अंदाज बांधायचा. एस. रंगराजन यांच्यासोबत त्यांनी हे काम तडीस नेले.

भारतात सौर पंप, सौर कंदील, सौर बंब यांची आखणी करणाऱ्या अभियंत्यांची पिढी या कोष्टकांवर वाढली. इथे किती मोठे पॅनल लावले तर दिवा रात्रभर चालेल, याचे गणित ऊन किती पडते हे माहीत असल्याशिवाय सुटत नाही. वीज उशिरा पोहोचलेल्या डोंगरपाड्यांसाठी हे गणित फार महत्त्वाचे होते.

त्यानंतर त्या वाऱ्याकडे वळल्या. देशभरात सातशेहून अधिक ठिकाणी वाऱ्याच्या नोंदी घेण्याचा मोठा प्रकल्प त्यांनी हाताळला. पवनचक्की कुठे लावली तर परवडेल, हे त्यातून कळू लागले. धुळे-नंदुरबारच्या पठारांवर आज पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा जागा शोधायची शास्त्रीय पद्धत देशात रुजवण्यात या सर्वेक्षणाचा मोठा वाटा आहे. वारा आणि ऊन मोजणारी यंत्रे बनवणारा एक छोटा कारखानाही त्यांनी बेंगळुरूत सुरू केला होता.

१९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची वर्षे त्यांची हालचाल मर्यादित झाली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. २३ ऑगस्ट २०२२ रोजी, १०४ व्या जयंतीला, गुगलने डूडल केले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले.

तापलेल्या जगात ढग काय करतील?

ॲना मणी गेल्या तेव्हा हा प्रश्न बराचसा अनुत्तरित होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचा शास्त्रज्ञांचा अंदाज कित्येक दशके १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस असा ऐसपैस होता. एवढ्या मोठ्या फरकाचे मुख्य कारण ढग.

२०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या मंडळाने आपल्या सहाव्या अहवालात ही कक्षा २.५ ते ४ अंशांवर आणली. ढगांबद्दलची समज सुधारली, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. निष्कर्ष मात्र दिलासा देणारा नाही. तापमान वाढेल तसे ढग एकंदरीत तापमानवाढीला हातभारच लावतील, असे अहवाल सांगतो.

ते कसे? पहिले म्हणजे उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवरचे खालच्या थरातले ढग विरळ होतात, छत्रीला भोके पडतात. दुसरे म्हणजे उंच ढग आणखी वर सरकतात, त्यामुळे त्यांची गोधडी अधिक जाड झाल्यासारखी होते. २०२३ मध्ये जगाच्या तापमानाने उच्चांक गाठला. त्या वर्षी खालचे ढग कमी असल्याने पृथ्वीने नेहमीपेक्षा जास्त ऊन शोषले, असे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन संशोधनातून दिसले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज ढग पृथ्वीला थंड ठेवतात, म्हणून उद्या जास्त गरम झाले तर ढगच आपल्याला वाचवतील, असे होत नाही. घरात छत्री आहे हे खरे, पण उन्हाने तिचेच कापड विरत चालले आहे.

यात धूर आणि धूळ यांचीही भर पडते. ढगाचा प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवती तयार होतो. हवेत कण जास्त असले की तेवढ्याच पाण्याचे अधिक, पण बारीक थेंब होतात, ढग जास्त चकाकतो आणि ऊन जास्त परतवतो. भारतात १९८८ ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा देशाच्या बहुतांश भागांत सूर्यप्रकाशाचे तास घटत गेल्याचे दिसले. ढग आणि प्रदूषणाचे कण ही त्याची कारणे मानली जातात. हा निष्कर्ष काढता आला, कारण तीस वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या.

दुसरीकडे, हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पाऊस मग थोडा थोडा न पडता कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालील अभ्यासात आढळले.

याच संस्थेने २००९ मध्ये विमानातून ढगांत शिरून थेंब आणि कण मोजायला सुरुवात केली. २०१२ पासून महाबळेश्वरला तिची ढगांची प्रयोगशाळाही आहे. तिथे पावसाळ्यात ढग खिडकीतूनच आत येतात. ढगाला डोंगरावरच गाठायचे आणि मोजायचे, असा हा प्रकार.

धडगावसाठी याचा अर्थ काय?

एखाद्या एप्रिलमध्ये आलेला बेमोसमी ढग हवामान बदलामुळेच आला, असे छातीठोक सांगता येत नाही. एका वर्षाचा, एका तालुक्याचा अनुभव त्यासाठी पुरत नाही. पण उन्हाळ्यातले ढगाळ दिवस खरेच वाढत आहेत का, हे तपासता येते. त्यासाठी त्या भागातल्या नोंदी हव्यात, त्याही सलग आणि विश्वासार्ह. पायथ्याच्या केंद्रावरचा आकडा सातपुड्याच्या डोंगराला जसाच्या तसा लागू होत नाही. तोरणमाळला धुके असते तेव्हा खाली शहाद्यात लख्ख ऊन असू शकते.

नुकसानभरपाई, पीकविमा, हवामानाचा इशारा हे सगळे शेवटी नोंदींवर चालते. जिथे मोजमाप नाही, तिथे नुकसान झाले हे सिद्ध करणेही अवघड जाते. आमचुराचा घाणा काळा पडला, तर कागदावर त्याची साक्ष द्यायला त्या दिवशीच्या उन्हाचा आणि ढगांचा आकडा असावा लागतो.

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये आपण रोज ढगाचे चिन्ह आणि त्याखालची टक्केवारी पाहतो. उद्या फोडी अंगणात पसरायच्या की घरात ठेवायच्या, हे आता पाड्यावरची तरुण मुलेही त्यावरून ठरवू लागली आहेत. तो अंदाज उपग्रह आणि संगणक देतात. पण उपग्रहाने सांगितलेले ऊन खरे की खोटे, हे आजही जमिनीवरच्या पायरॅनोमीटरशी ताडूनच पाहावे लागते. आणि तो पायरॅनोमीटर बरोबर दाखवतो की नाही, हे पाहायचे काम पुण्यात अजून चालू आहे.